एकवीस दिवसांचा हिशेब कुठे चुकतो

अवघड संकल्प तडीस कसा न्यावा हे सांगणारा एक संदेश गेली कित्येक वर्षे थोडेफार शब्द बदलून मोबाइलवर फिरतो आहे. त्याचा सारांश असा: कोणतीही गोष्ट सलग २१ दिवस केली की तिची सवय होते आणि पुढे कष्ट पडत नाहीत, मध्ये एक जरी दिवस चुकला तरी मोजणी पुन्हा पहिल्यापासून, ध्येय कागदावर लिहिणारेच श्रीमंत होतात, हे येल विद्यापीठाने १९५३ मध्ये सिद्ध केले आहे, आणि रोज सकाळी डोळे मिटून आपण यशस्वी झाल्याचे चित्र पाहावे. पाठवणाऱ्यांच्या हेतूबद्दल शंका नाही. पण या चारांपैकी एकही विधान जसेच्या तसे खरे नाही, आणि पहिली दोन तर मनापासून प्रयत्न करणाऱ्यालाच नाउमेद करणारी आहेत.

पहिला मुद्दा २१ या आकड्याचा. त्याचे मूळ मॅक्सवेल मॉल्ट्झ या अमेरिकन प्लास्टिक सर्जनच्या १९६० सालच्या पुस्तकात सापडते. चेहऱ्यावर शस्त्रक्रिया झालेल्या रुग्णांना आरशातला नवा चेहरा आपला वाटू लागायला कमीत कमी सुमारे २१ दिवस लागतात, असे त्याचे निरीक्षण होते. पुढे हाताहातांतून जाताना त्यातले ‘कमीत कमी’ गळाले, ‘सुमारे’ही गळाले, आणि उरला नुसता आकडा. शिवाय त्या रुग्णांना रोज उठून काही करायचे नव्हते. जे करायचे ते सर्जनने आधीच केले होते, त्यांनी फक्त बदललेल्या रूपाला सरावायचे होते. पहाटे उठून धावणे किंवा वर्षभर परीक्षेचा अभ्यास करणे या गोष्टींशी त्याची तुलना कशी करायची?

सवय लागायला किती दिवस लागतात याची प्रत्यक्ष मोजणी लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमधील फिलिपा लॅली आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी केली. ९६ स्वयंसेवकांनी प्रत्येकी एक लहानशी कृती निवडली, उदाहरणार्थ दुपारच्या जेवणासोबत एक फळ खाणे किंवा संध्याकाळच्या जेवणापूर्वी पंधरा मिनिटे धावणे, आणि ती आता कितपत आपोआप होते याची नोंद ८४ दिवस ठेवली. सवय स्थिरावण्याचा मध्यक (निम्म्यांना ज्याहून कमी आणि निम्म्यांना ज्याहून जास्त दिवस लागले तो आकडा) ६६ दिवस निघाला, पण व्याप्ती १८ पासून २५४ दिवसांपर्यंत होती. त्यातला २५४ हा अर्थातच नोंदींच्या कलावरून काढलेला अंदाज होता, कारण अभ्यास तेवढा चाललाच नव्हता. जवळपास निम्म्या लोकांच्या नोंदी त्या गणितात नीट बसल्याही नाहीत. (हल्ली ‘२१ नव्हे, ६६ दिवस’ असाही संदेश फिरू लागला आहे, एका मंत्राच्या जागी दुसरा मंत्र, एवढाच त्याचा अर्थ.) आपल्या भाषेने या बाबतीत फक्त ‘नव्याचे नऊ दिवस’ मोजले, आणि तेही सवय लागण्याचे नव्हे, उत्साह ओसरण्याचे, मला तो हिशेब अधिक प्रामाणिक वाटतो.

दुसरा मुद्दा खाड्याचा. एक खाडा पडला की सारे पाण्यात गेले, या म्हणण्याला याच अभ्यासात आधार मिळत नाही. एखादी संधी चुकल्याने सवय घडण्याच्या प्रक्रियेवर लक्षणीय परिणाम झालेला दिसला नाही. जे फारच अनियमित होते त्यांची सवय घडली नाही, हेही खरे. पण महिन्यातून एकदा चुकणे आणि आठवड्यातून चारदा चुकणे यांना एकाच मापाने मोजता येत नाही. खरा घात खाडा करत नाही, खाड्यानंतरचा विचार करतो. आहारावर बंधन ठेवणाऱ्यांवर हर्मन आणि मॅक या मानसशास्त्रज्ञांनी १९७५ मध्ये एक प्रयोग प्रसिद्ध केला. ज्यांना आधी मिल्कशेक प्यायला लावला, त्यांनी नंतर समोर आलेले आइस्क्रीम कमी खायच्या ऐवजी जास्त खाल्ले. नेम मोडलाच आहे, तर आजचा दिवस गेलाच, असा तो हिशेब. मी स्वतः एकदा रोज एक पान लिहिण्याचा संकल्प केला होता आणि वहीत २१ चौकटी आखल्या होत्या. सतराव्या दिवशी ताप आला आणि चौकट रिकामी राहिली. नियमाप्रमाणे पुन्हा एकपासून सुरुवात करायची होती. ती मी सात महिन्यांनी केली. सोळा पाने लिहून झाली होती, हे त्या चौकटींनी मला दिसूच दिले नाही.

येलची गोष्ट थोडक्यात निकालात काढता येते. १९५३ च्या पदवीधरांपैकी ध्येय लिहून ठेवणाऱ्या ३ टक्क्यांनी वीस वर्षांनी उरलेल्या ९७ टक्क्यांच्या एकत्रित संपत्तीहून अधिक संपत्ती मिळवली, असे ती सांगते. ‘फास्ट कंपनी’ या नियतकालिकाने १९९६ मध्ये तिचा माग काढला, तेव्हा ती सांगणारे वक्ते एकमेकांकडे बोट दाखवू लागले आणि असा अभ्यास येलकडेही सापडला नाही.

या बनावट गोष्टीची गरज मुळात नव्हतीच, कारण खरे संशोधन उपलब्ध आहे. एडविन लॉक आणि गॅरी लॅथम या मानसशास्त्रज्ञांनी अनेक दशके दाखवून दिले की ‘होईल तेवढे करा’ या सांगण्यापेक्षा नेमके आणि अवघड ध्येय अधिक काम करवून घेते. लॅथम यांच्या १९७५ सालच्या एका अभ्यासात लाकडाचे ओंडके वाहणारे ट्रकचालक कायदेशीर मर्यादेच्या सुमारे ६० टक्केच माल भरत असत. ९४ टक्क्यांचे ध्येय ठरवून दिल्यावर काही महिन्यांत ते प्रमाण ९० टक्क्यांच्या वर गेले. मात्र तेथे प्रत्येक खेपेला ट्रकचे वजन होत होते, आणि माल नीट भरणे चालकांच्या हातात होते. ध्येय पटलेले असणे, ते आपल्या आवाक्यात असणे आणि आपण कुठवर आलो हे वेळोवेळी कळणे, या अटी वगळल्या तर कागदावरची ओळ कागदावरच राहते.

डोळे मिटून चित्र पाहण्याबद्दलही सावध राहिलेले बरे. ओटिंगन आणि वॉडन यांनी १९९१ मध्ये वजन कमी करू पाहणाऱ्या २५ स्त्रियांचा अभ्यास प्रसिद्ध केला. आपल्याला हे जमेल अशी अपेक्षा बाळगणाऱ्यांचे वजन अधिक घटले. पण यशाची गोड, निर्विघ्न स्वप्ने रंगवणाऱ्यांचे वजन वर्षभरात इतरांपेक्षा सुमारे ११ किलोंनी कमी घटले. अपेक्षा आणि स्वप्नरंजन या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि संदेश नेमका दुसरीचा सराव करायला सांगतो. त्याऐवजी अडथळा आधीच ओळखून ‘अमुक वेळ आली की अमुक करीन’ असे ठरवून ठेवणे उपयोगी पडते. गोलविट्झर आणि शीरन यांनी २००६ मध्ये अशा ९४ चाचण्यांचा एकत्रित आढावा घेतला, तेव्हा मध्यम ते मोठा परिणाम दिसला.

राहिला तो संदेशातला सर्वांत खोलवरचा घोळ: तो ‘सवय’ आणि ‘ध्येय’ हे शब्द एकाच अर्थाने वापरतो. लॅलींच्या अभ्यासातल्या कृती मुद्दाम लहान ठेवलेल्या होत्या, आणि तिथेही पेलाभर पाणी पिण्याच्या सवयीपेक्षा व्यायामाच्या सवयीला जास्त वेळ लागला. प्रबंध लिहिणे, कर्ज फेडणे किंवा नवी भाषा शिकणे यातला अवघड भाग कधीच आपोआप होत नाही. सवय लागते ती ठरल्या वेळी टेबलाशी जाऊन बसण्याची. तिथे बसल्यावर डोके चालवण्याचे कष्ट शंभराव्या दिवशीही पहिल्या दिवसाइतकेच पडू शकतात. संदेशावर विश्वास ठेवणाऱ्याला मात्र बाविसाव्या दिवशी ते कष्ट जाणवले की वाटते, इतरांना एव्हाना सोपे झाले असेल, खोट माझ्यातच असावी. आणि काम ज्या वेगाने व्हायला हवे होते त्याच वेगाने होत असतानाही तो ते सोडून देतो.