‘दुखापतींचं रडगाणं बंद करा’ म्हणणाऱ्यांसाठी

पुण्यातल्या फुटबॉलवेड्यांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपांवर दर मोसमात एक मेसेज फिरतो. क्लबचं नाव बदलतं, मजकूर तोच: ‘दुखापतींचं रडगाणं बंद करा. दुखापती सगळ्यांनाच होतात, वर्षअखेर हिशेब सारखा होतो. खरे चॅम्पियन कुणाहीविना जिंकतात. खिशात पैसा असला की बदली खेळाडू मिळतोच. जुने लोक मोडक्या हाडांनी खेळले, आताचे नाजूक. आणि राहिलं ते नशीब.’ खाली टाळ्यांची रांग लागते आणि ज्याचा संघ त्या आठवड्यात हरलेला असतो तो गपगुमान बसतो.

मेसेज चटपटीत आहे, हे मान्य. पण एकेक वाक्य सुटं करून पाहिलं तर फारसं हाती लागत नाही.

‘सगळ्यांनाच होतात, हिशेब सारखा होतो’

यातला पहिला तुकडा खरा आहे. युरोपातल्या बड्या क्लबांमधल्या दुखापतींची नोंद युएफा ही युरोपची फुटबॉल संघटना २००१ पासून ठेवते आहे, स्वीडनचे डॉक्टर यान एकस्ट्रँड यांच्या पुढाकाराने. त्या नोंदींनुसार २५ जणांच्या संघाला एका मोसमात साधारण ५० दुखापती होतात. म्हणजे सुटका कुणाचीच नाही. पण दोन दिवस बाहेर बसवणारी आखडलेली पोटरी आणि नऊ महिने खाणारा फाटलेला एसीएल (गुडघ्यातला लिगामेंट), यादीत दोन्ही एकेकच मोजले जातात. म्हणून अभ्यासक नुसती संख्या न धरता दुखापतींपायी किती दिवस गेले तेही धरतात. या नोंदींतल्या पहिल्या ११ मोसमांचा अभ्यास २०१३ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात संघाची तुलना त्याच्याच आधीच्या वर्षाशी केली होती. दुखापतींचं ओझं हलकं झालं आणि सामन्यांसाठी जास्त खेळाडू हाताशी राहिले, की लीगमधला क्रमांक वर सरकत होता. ‘मोठ्या क्लबांकडे डॉक्टरच चांगले असतात’ ही पळवाटही त्यामुळे उरत नाही.

आणि हिशेब सारखा व्हायला मोसम तेवढा लांब तर हवा! बालेवाडीत एफसी पुणे सिटीचे सामने पाहिलेल्यांना २०१६ आठवत असेल. आइसलँडचा आयडर गुडयॉन्सन मार्की खेळाडू, म्हणजे संघाचा मुख्य तारा, म्हणून जाहीर झाला आणि मोसम सुरू होण्याआधीच दुखापतीने बाहेर गेला. त्याच्या जागी आला मोहम्मद सिसोको. एक गोल करणारा, दुसरा मधल्या फळीत चेंडू हिसकावणारा. मार्कीची जागा भरली, गोल करणाऱ्याची नाही. संघ आठांत सहावा आला. सगळं खापर त्या एका दुखापतीवर फोडणार नाही, पण तेव्हाची आयएसएल, म्हणजे इंडियन सुपर लीग, ऑक्टोबरला सुरू होऊन डिसेंबरात संपायची आणि साखळीत प्रत्येकाला १४ सामने मिळायचे. हॅमस्ट्रिंगची (मांडीच्या मागच्या स्नायूची) सहा आठवड्यांची दुखापत म्हणजे निम्म्याहून जास्त साखळी गेली. तिथे सरासरी कसली गाठताय?

‘खरे चॅम्पियन कुणाहीविना जिंकतात’

इथे हमखास रेआल माद्रिदचं नाव पुढे येतं, आणि उदाहरण खणखणीत आहे. २०२३-२४ मध्ये गोलरक्षक कुर्त्वा आणि सेंटर-बॅक (मागच्या फळीत मधोमध खेळणारा बचावपटू) मिलिताओ या दोघांचे गुडघे ऑगस्टमध्येच गेले, डिसेंबरात अलाबाचाही गेला. तिन्ही एसीएल. तरी त्यांनी ९५ गुणांनी ला लीगा जिंकली आणि वेम्बलीवर डॉर्टमुंडला हरवून चॅम्पियन्स लीगही.

पण गेलं काय आणि राहिलं काय, हे बघा ना. क्रोस, मॉड्रिच, वाल्वेर्दे, कामाविंगा, बेलिंगहॅम: मधली फळी जवळपास शाबूत. मागे रुडिगर होता, वर्षानुवर्षं क्लबमध्ये मुरलेला नाचो होता. गोलमध्ये लुनिन असा उभा राहिला की मँचेस्टर सिटीविरुद्धच्या पेनल्टी शूटआउटमध्ये त्याने दोन किक अडवल्या. मागच्या फळीला भोकं पडली, पण तिच्या पुढची भिंत जागेवर होती.

आता लिव्हरपूल घ्या. पुण्यात या क्लबचे चाहते उदंड, काही वर्षं तर त्यांच्या नावाची अकादमीही इथे चालली. त्यामुळे २०२०-२१ चा विषय काढला की अजून आवाज चढतात. आदल्या वर्षी ९९ गुणांनी विजेतेपद. १७ ऑक्टोबर २०२० ला एव्हर्टनविरुद्ध सुरुवातीलाच त्यांचा गोलरक्षक पिकफर्ड येऊन आदळला आणि लिव्हरपूलचा सेंटर-बॅक व्हॅन डाइक याचा गुडघा गेला. नोव्हेंबरात इंग्लंडच्या सरावात जो गोमेझ गेला. जानेवारीअखेर मातिपही. तिन्ही मुख्य सेंटर-बॅक संपले. मग मधल्या फळीतला फाबिन्यो मागे आणला, पुढे हेंडरसनलाही. एका खोलीचं गळणं थांबवायला शेजारच्या खोलीची कौलं काढली, आणि गळू लागल्या दोन्ही. चेंडू गेला की लगेच झडप घालून परत मिळवायचा, हा त्या संघाचा प्राण. ती झडप घालणारेच आता स्वतःच्या गोलसमोर उभे. फेब्रुवारीत सेंटर-बॅक म्हणून खेळतानाच हेंडरसनची जांघ गेली. अ‍ॅनफिल्डवर ६८ लीग सामने न हरलेला संघ घरच्या मैदानावर सलग सहा सामने हरला. प्रेक्षक नव्हते, कोविड होता, ते कारणही खरंच. पण पुढचा भाग मेसेजवाले कधी सांगत नाहीत. मार्चमध्ये मागे नॅट फिलिप्ससारखे फारसं कुणाला माहीत नसलेले खरे सेंटर-बॅक ठेवले आणि फाबिन्योला त्याच्या जागी पाठवलं. शेवटच्या दहा सामन्यांत आठ विजय, दोन बरोबरी, एकही हार नाही. ६९ गुण, तिसरा क्रमांक.

व्हॅन डाइक तेव्हाही बाहेरच होता. म्हणजे एक माणूस गेल्याने जेवढं बिघडलं, त्याहून जास्त त्याची जागा भरताना आणखी दोन जागा उसवल्याने बिघडलं. आणि तो परतल्यावर, २०२१-२२ मध्ये? ९२ गुण, इंग्लंडचे दोन्ही कप आणि चॅम्पियन्स लीगची फायनल.

दुखापतीची सबब केली जातच नाही, असं नाही. टॉटनहॅम २०२४-२५ मध्ये २२ सामने हरून सतरावा आला. हिवाळ्यात त्यांचे मुख्य सेंटर-बॅक व्हॅन डे व्हेन आणि रोमेरो बाहेर होते, हे खरं. पण दोघे परतल्यावरही लीगमधली पडझड थांबली नाही, कारण तोवर सगळा जीव युरोपा लीगमध्ये अडकला होता. ती त्यांनी जिंकली. त्या सतराव्या क्रमांकाचं खापर नुसत्या फिजिओच्या खोलीवर फोडणं मलाही पटत नाही.

‘पैसा असला की बदली मिळतोच’

मग मँचेस्टर सिटीने काय घोडं मारलं होतं? २२ सप्टेंबर २०२४ ला आर्सेनलविरुद्ध मधल्या फळीतल्या रॉड्रीचा एसीएल गेला. उन्हाळ्याची खरेदी-विक्री बंद झालेली, त्यामुळे जानेवारीपर्यंत तिजोरी उघडून उपयोग नाही. मधल्या काळात संघाने १३ सामन्यांत एकच विजय मिळवण्याचा पराक्रम केला. हिवाळ्याच्या खरेदी-विक्रीत भरमसाट खर्च झाला, पोर्तोहून निको गोन्झालेस आला. शेवट ७१ गुणांवर. आदल्या वर्षी ९१ होते. संघ वयाने थकला होता, इतरही जखमी होते, वीसच्या वीस गुण रॉड्रीच्या नावावर लिहिता येणार नाहीत. तरी आदल्या मोसमातली एक गोष्ट बोलकी आहे. २०२३-२४ मध्ये सिटी लीगमध्ये तीनच सामने हरली, वुल्व्ज, आर्सेनल आणि अ‍ॅस्टन व्हिलाविरुद्ध. तिन्ही वेळा रॉड्री निलंबित होता. तेव्हा तर बाकी संघ तोच आणि पैसाही तेवढाच.

‘जुने लोक मोडक्या हाडांनी खेळले’

हो, खेळले. १९५६ च्या एफए कप फायनलमध्ये सिटीचा गोलरक्षक बर्ट ट्राउटमान मोडक्या मानेने शेवटपर्यंत उभा राहिला. पण तेव्हा बदली खेळाडू उतरवायची परवानगीच नव्हती! इंग्लिश लीगमध्ये ती १९६५-६६ ला आली. तो बाहेर गेला असता तर संघ दहा जणांनी खेळला असता आणि गोलमध्ये दुसऱ्याच कुणाला तरी उभं राहावं लागलं असतं. मान मोडल्याचं कळलं तेही काही दिवसांनी, एक्स-रे काढल्यावर. त्याचा जीव थोडक्यात वाचला आणि त्यानंतर तो बरेच महिने मैदानाबाहेर होता. यात कौतुक करण्यासारखं धैर्य आहे. आजच्या खेळाडूला नाजूक ठरवण्यासारखं काहीही नाही.

आजचा खेळ जास्त वेगाचा आहे आणि वेळापत्रकात श्वास घ्यायला जागा नाही. युएफाच्या नोंदींत एकूण दुखापतींमधला हॅमस्ट्रिंगचा वाटा २००१-०२ मध्ये १२ टक्के होता, २०२१-२२ मध्ये २४ टक्के. त्यानंतर चॅम्पियन्स लीगच्या पहिल्या टप्प्यातले सामने सहावरून आठ झाले, क्लब वर्ल्ड कप ३२ संघांचा झाला. खेळाडू संपाच्या उंबरठ्यावर आहेत, असं रॉड्री म्हणाला होता. त्याच आठवड्यात त्याचा गुडघा गेला. योगायोग असेल, पण निदान त्याला नाजूक म्हणू नका.

‘राहिलं ते नशीब’

हे निम्मं खरं. पिकफर्ड अंगावर आला तेव्हा जगातला कुठलाही व्यायाम व्हॅन डाइकचा गुडघा वाचवू शकला नसता. मांडीचा मागचा स्नायू मात्र नुसता नशिबाने फाटत नाही. नॉर्डिक नावाचा एक साधा व्यायाम आहे: गुडघ्यांवर बसायचं, मागून कुणीतरी घोटे धरायचे आणि शरीर सरळ ठेवून हळूहळू पुढे झुकायचं. अनेक अभ्यास एकत्र करून २०१९ मध्ये निघालेला निष्कर्ष असा की त्याने हॅमस्ट्रिंगच्या दुखापती जवळपास निम्म्यावर येतात. खर्च शून्य. बाणेर-कोथरूडच्या टर्फवर रात्री दहाच्या स्लॉटला येणारी आपली मंडळी मात्र बुटांच्या लेस बांधल्या की थेट शॉट मारायला लागतात, तासाचे पैसे दिलेत ना.

युरोपातल्या क्लबांच्या पाहणीत आणखी एक गोष्ट दिसली. जिथे मुख्य कोच आणि वैद्यकीय पथक यांच्यातला संवाद चांगला नव्हता, तिथे दुखापतींचं ओझं आणि गंभीर दुखापती दोन्ही जास्त होत्या. फिजिओ म्हणाला शनिवारी याला उतरवू नका, कोचने उतरवला आणि विसाव्या मिनिटाला तो मांडी धरून खाली बसला, तर त्यात नशिबाचा वाटा किती आणि कोचचा किती?