प्लेट कुठाय?

गोव्यात शूटिंगचं जुनं सामान कधी घ्यावं आणि कधी विकावं याचं पंचांग ठरलेलं आहे. व्हडली दिवाळी म्हणजे तुळशीचं लग्न झालं की माणसांची लग्नं सुरू होतात, फोंड्याच्या आजूबाजूच्या देवळांचे हॉल फुल्ल, ज्याच्याकडे म्हणून कॅमेरा आहे तो कामाला लागतो, आणि त्या दिवसांत जुना गिंबल, म्हणजे कॅमेरा न हलता धरायचं यंत्र, विचारायला जा, समोरचा नव्याचा भाव सांगतो. तेच जूनमध्ये पाऊस लागला की सगळे घरी, ईएमआय मात्र चालूच, पोरांच्या शाळा, पुढे चवथीचा खर्च तोंडावर, मग एकेकाच्या कपाटातनं माल बाहेर पडायला लागतो. म्हणजे पावसात घ्यावं आणि थंडीत विकावं, हे शेंबड्या पोरालाही कळतं. पण पैशांची गरज पण पावसातच लागते ना, त्यामुळे सगळे एकदम विकायलाच बसलेले असतात. मीही बसले.

माझ्याकडे होती ती अंगात घालायची जाकीटवाली स्टेडीकॅम. खऱ्या ब्रँडची नव्हे, ती माझ्या सात पिढ्यांना परवडायची नाही, आपली देशी बनावटीची. एक वेस्ट, वेस्टला पुढे स्प्रिंगचा हात, हाताच्या टोकाला हँडल, त्यात एक दांडा, दांड्याच्या वर कॅमेरा आणि खाली वजनाच्या चकत्या. मोटर नाही काही नाही, सगळा खेळ वजनाचा आणि स्प्रिंगचा. एकदा बॅलन्स बसला की नवरीच्या मागनं अख्खा हॉल फिरा, जिने चढा उतरा, फ्रेम हलत नाही. कंबर मात्र हलते. मुहूर्तापासून पंगतीपर्यंत ते अंगावर वागवून संध्याकाळी मी जशी चालत घरी यायचे ते बघून आई म्हणाली, बाय, एक तर ते विक नाहीतर लग्नांची शूटिंगं सोड, आणि त्यातलं विकणं मला सोपं वाटलं.

विकायच्या आधी ती वेस्ट माणसात आणायची होती. आमच्याकडे वर्षाला तीनेक हजार मिलिमीटर पाऊस, कपाटातल्या चपलांना बुरशी येते तिथे लेन्सची काय कथा, म्हणून लेन्स आम्ही हवाबंद डब्यात सिलिका जेलच्या पुड्या घालून ठेवतो. पण वेस्ट मावेल एवढा डबा कुठनं आणणार? तिच्या आतला फोम सगळ्या सीझनचा घाम पिऊन बसलेला, त्याचा वास पावसात जागा होतो. जरा ऊन पडलं तशी दोरीवर वाळत घातली, तर शेजारची काकी कुंपणावरनं ओरडून विचारते, गो, तू पोलिसात कधी लागली?

मग जाहिरात टाकली. छान उजेडात फोटो काढले, सोबत काय काय देणार ते लिहिलं, किती किलोचा कॅमेरा झेपतो ते लिहिलं, कुठे ओरखडे आहेत तेसुद्धा लिहिलं. हे सगळं कोणी वाचत नाही. लोक फोटो बघतात आणि पाठवतात "अवेलेबल?" आपण हो म्हटलं की गायब. त्यांना घ्यायचं नसतं, फक्त जगात कुठेतरी ते अवेलेबल आहे एवढं समाधान हवं असतं. दुसरा प्रकार म्हणजे "लास्ट किती?" नमस्कार नाही, नाव नाही, पहिली किंमत वाचलेली नाही, डायरेक्ट लास्ट. तिसरे एक्सचेंजवाले, एकाने आयफोन देऊ केला ज्याची स्क्रीन "थोडीशीच" गेली होती, एकाने स्कूटर, कागदपत्रं नंतर देतो म्हणाला. आणि एकाला नुसता स्प्रिंगचा हात हवा होता, वेस्ट नको, दांडा नको, एकाला नुसत्या चकत्या. अरे बाबांनो ती काय कोंबडी आहे का, तंगडी वेगळी आणि लिव्हर वेगळं द्यायला.

फोन तर विचारूच नका. मी हॅलो म्हटलं की पलीकडे एक छोटा पॉज आणि मग, "सर आहेत का?" म्हाताऱ्या माणसांचं अजून सरळ असतं, "बाय, घोव ना घरा?", म्हणजे नवरा नाही का घरी. मी सांगते की सामान माझं आहे, शूटिंग मीच करते. हो हो, म्हणतात, बरं बरं, म्हणतात, आणि पुढचा प्रश्न परत, "पण वापरायचं कोण?" शेवटी मी ठरवून टाकलं, सर आहेत का विचारलं की म्हणायचं, मीच सर, बोला.

यातच एक फौजी पण आला. म्हणजे फोनवर आला. एकदम गोड हिंदी, जय हिंद मॅडम, मी सैन्यात आहे, आता पोस्टिंगवर, बघायला येता येणार नाही, माल आमची गाडी येऊन घेऊन जाईल, पैसे आत्ता पाठवतो. वेस्टची साईज विचारली नाही, वजन किती झेपतं विचारलं नाही, आणि मुख्य म्हणजे किंमत एक रुपयाने कमी करायला सांगितली नाही! तिथेच मला कळलं, कारण घासाघीस न करता कॅमेऱ्याचं जुनं सामान घेणारं गिऱ्हाईक अजून जन्माला यायचंय. मग क्यूआर कोड आला, हा स्कॅन करा, पिन टाका, लगेच तुमच्या खात्यात पैसे येतील. यूपीआयमध्ये पिन लागतो तो पैसे द्यायला, घ्यायला कधीच लागत नाही, एवढं एक डोक्यात ठेवलं की या लोकांचा धंदा बसतो. मी म्हटलं, साहेब, तुमची ती गाडी येणारच आहे तर तिच्यातनंच कॅश पाठवा. जय हिंदसुद्धा न म्हणता फोन कट.

घरी येणाऱ्यांचं वेगळं. एक कॉलेजातला मुलगा आला, गळ्यात मागच्या इफ्फीचा बॅज अजून तसाच (२००४ पासून दर वर्षी पणजीत इफ्फी, म्हणजे आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सव, होतो, आणि दर वर्षी त्यातनं असे थोडे दिग्दर्शक तयार होतात). त्याने मला तासभर स्टेडीकॅमचा इतिहास सांगितला. गॅरेट ब्राऊन नावाच्या कॅमेरामनने ७० च्या दशकात हे शोधून काढलं, १९७६ पासून हॉलिवूडच्या पिक्चरांत दिसायला लागलं, त्याला त्यासाठी ऑस्करवाल्यांचं तांत्रिक अवॉर्ड पण मिळालं, त्याआधी असा शॉट घ्यायचा तर रूळ टाकून त्यावरनं कॅमेरा ढकलायला लागायचा. सगळं खरं, मी मान डोलावत ऐकत होते. शेवटी म्हणाला, ताई, घ्यायला बजेट नाही, शॉर्टफिल्मपुरती देता का, टायटलमध्ये तुमचं नाव टाकतो. आईने त्याला चहा दिला होता म्हणून मी काही बोलले नाही.

दुसरे वास्कोचे एक काका. हे खरे जाणकार. ड्रॉप टेस्ट करायचीच म्हणून हट्ट. ड्रॉप टेस्ट म्हणजे काय, तर कॅमेरा चढवलेला दांडा हँडलवर आडवा धरायचा आणि सोडायचा, तो हळूहळू उभा व्हायला दोनतीन सेकंद लागले पाहिजेत. धाडकन उभा झाला तर खाली वजन जास्त झालं, आडवाच राहिला तर कमी. काकांनी मोबाईलवर स्टॉपवॉच लावलं. दांडा सोडला, दोन सेकंद. परत, अडीच. परत. मधे चकती काढ, घाल, हँडल आट्यावर जरा वरखाली सरकव, परत. आमच्या राजांगणात पाऊस पडतोय, कडेच्या पडवीत आई तांदूळ निवडतेय आणि दर वेळी दांडा उभा झाला की मान वर करून बघतेय, काका म्हणतात अजून अर्धा सेकंद पाहिजे. मग पाऊस थांबल्यावर काकांनी वेस्ट घातली, बकलं आवळून घेतली आणि अंगणातल्या तुळशीभोवती फिरायला लागले. कॅमेरा तुळशीवर. एक फेरी, दुसरी फेरी. चेहरा इतका खूश की मला वाटलं झालं, विकली. कितव्यातरी फेरीला आईच म्हणाली, त्यांना म्हणावं निदान चपला तरी काढा. काका थांबले, वेस्ट उतरवली, कमरेला हात लावला, थोडा वेळ तसेच उभे राहिले आणि म्हणाले, "मागीर फोन करतां," म्हणजे नंतर फोन करतो. गोव्यात ज्याने मागीर फोन करतां म्हटलं त्याच्या फोनची वाट कोणी बघत नाही.

शेवटी सावंतवाडीकडचा एक पोरगा आला, दशावताराची शूटिंगं करणारा. वेस्ट घातली, दोन उड्या मारल्या, म्हणाला राक्षसाच्या मागे धावायला बरी आहे. थोडं इकडे, थोडं तिकडे, कॅश दिली, गेला. एवढ्या नाटकानंतर विक्री अशी चहा निवायच्या आत होते, त्यात सांगण्यासारखं काही नसतं.

आता घेणे. तीन मोटरवाला गिंबल घ्यायचा होता, एका हातात मावेल असा. आत सेन्सर असतात, कॅमेरा कुठे कलला ते ओळखतात आणि टिल्ट, रोल, पॅन अशा तीन मोटरी त्याला सरळ धरतात. जुन्या गिंबलांच्या जाहिराती वाचायला लागलं की जगावरचा विश्वास वाढतो. सगळे "फक्त दोन लग्नं चाललेले", सगळे "हॉबी म्हणून घेतला होता", सगळे "इनडोअर यूज". हा देश इतक्या कमी वापरलेल्या वस्तूंनी भरलाय की दुकानं कशी चालतात कोण जाणे.

म्हापशाला एकाकडे बघायला गेले, तो पण शुक्रवारी, म्हणजे बाजाराच्या दिवशी, त्यामुळे गाडी लावायला जागा मिळेपर्यंतच माझी अर्धी ताकद गेली. गिंबल दिसायला चकाचक. तर जुन्या गिंबलची परीक्षा बंद असतानाच करायची असते, तिन्ही जॉइंट एकेक करून हाताने फिरवायचे, लोण्यासारखे फिरले पाहिजेत. पॅनचा फिरवला तर आतनं कर्र. मी तो उलटा करून त्याच्याच टीपॉयवर हलकेच आपटला, चिमूटभर रेती पडली. पांढरी, बारीक, समुद्राची. दोघांनी ती बघितली. "इनडोअर?" मी विचारलं. तो म्हणाला, "एक प्रीवेडिंग होता, कांदोळीला, पण आम्ही लांबच उभे होतो." रेतीचे हजार रुपये कमी झाले. मग चालू केला, कॅमेरा नसताना मोटरी गुणगुणणारच, त्याला अर्थ नाही, कॅमेरा चढवून नीट बॅलन्स केल्यावर गप्प बसतात का ते बघायचं असतं. मी कॅमेरा काढला आणि विचारलं, "प्लेट कुठाय?"

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, प्लेट म्हणजे बोटभर लांब ॲल्युमिनियमचा तुकडा. कॅमेऱ्याच्या बुडाला स्क्रूने बसते आणि गिंबलच्या खाचेत सरकते, ती पुढेमागे सरकवूनच तर बॅलन्स होतो. ती नसेल तर उरलेला गिंबल म्हणजे चार्ज होणारा दांडा. आणि गंमत बघा, स्क्रूच्या बाबतीत जगाचं कधीच एकमत झालेलं आहे, पाव इंच जाडी, इंचाला वीस आटे, त्याला आयएसओचं स्टँडर्डसुद्धा आहे, जपानचा कॅमेरा घ्या, जर्मनीचा घ्या, तोच स्क्रू. प्लेटच्या बाबतीत मात्र सख्ख्या भावांचं जमत नाही. आर्का पद्धतीची वेगळी, मॅनफ्रोटो पद्धतीची वेगळी, आणि कित्येकदा एकाच कंपनीच्या जुन्या मॉडेलची नव्यात बसत नाही, किंचितसाच फरक असतो, पण तेवढ्यात लाखाचा कॅमेरा खाली येतो. म्हणून जुन्या सामानात किंमत ठरायला मिनिट लागत नाही, जीव जातो तो असल्या तुकड्यांत. विकणारा बॉक्स देतो, बिल देतो, कंपनीचे स्टिकर देतो जे त्याने पण कधी लावले नाहीत, वॉरंटीकार्ड देतो जे कधीच संपलंय. प्लेट देत नाही.

"प्लेट मडगावच्या पोराकडे आहे," म्हणाला. त्याने एका कामाला नेला होता, गिंबल परत आला, प्लेट त्याच्या कॅमेऱ्याखालीच राहिली. मी निम्मे पैसे दिले, निम्मे प्लेट आल्यावर. मडगावच्या पोराला फोन केला तर मागे टाळमृदंग. वास्कोला दामोदर सप्ताहाला होता. चोवीस तास अखंड भजन, कॅमेरा स्टँडवर, स्टँडची स्वतःची प्लेट हरवलेली म्हणून ही कशीतरी दाबून बसवलेली, आणि आता भजन संपेपर्यंत कॅमेरा हलवता येत नाही. देवाच्या कामात कसं काय बोलणार. उद्यापन झालं, मग तो झोपला, मग त्याला ताप आला, मग त्याच्याकडे म्हणे माटोळीची, म्हणजे चवथीला गणपतीवर टांगायच्या फळांची, खरेदी होती. मधल्या काळात गिंबल आमच्या टीव्हीवर उभा, आई रोज पुसायची.

शेवटी म्हणाला, ताई, फोंड्याच्या बसवर देतो. आमच्याकडे ही पद्धत आहे, वस्तू कंडक्टरकडे द्यायची, गाडीचं नाव आणि वेळ फोनवर सांगायची, पलीकडच्याने स्टँडवर उभं राहायचं. मी छत्री घेऊन उभी. बस आली, ड्रायव्हरच्या आरशाला झेंडूच्या माळेशेजारी एक पिशवी लटकत होती. कंडक्टरने ती काढून दिली, चाचपून बघितलं, म्हणाला, "एवढ्यासाठी पावसात?" मी तिथेच सोडून बघितली. पेपरात गुंडाळलेली प्लेट, बरोबर तीच, जरा घासलेली. स्क्रू नव्हता.

फोन केला. "स्क्रू? तो पँटच्या खिशात राहिला काय तर. पँट धुवायला पडली, ताई."

स्क्रूचं मात्र अडलं नाही, पाव इंच, वीस आटे, घरच्या ट्रायपॉडचा काढला आणि लावला, पहिल्या झटक्यात बसला. गिंबल मस्त चालतो, पॅनला थोडा कर्र आहे तो गाण्याखाली लपतो. ट्रायपॉड आता विकायला काढलाय. फोटो नीट काढलेत, ओरखडे लिहिलेत, बॉक्स आहे, बिल आहे. स्क्रूचं काही लिहिलेलं नाही, कोणी वाचत नाही तसंही.