सुविधांपासून चार हात दूर

छोट्या विद्यापीठात प्रवेश मिळाला म्हणून नातेवाईक हळहळत असतील तर हळहळू द्या. खरा धोका त्यांना ठाऊकच नाही. पुण्या-मुंबईच्या विद्यापीठांत लाखोंची गर्दी, तिथे सुविधा तुम्हाला शोधत येत नाही. छोट्या ठिकाणी तसं नसतं. 2004 साली एका जिल्ह्यापुरतं निघालेलं सोलापूरचं विद्यापीठ किंवा 2011 साली चंद्रपूर-गडचिरोलीसाठी झालेलं गोंडवाना, या आकाराच्या विद्यापीठांत एम.ए.च्या वर्गात कधी कधी पंधरा-वीसच डोकी असतात. सर दुसऱ्या आठवड्यात नावाने हाक मारतात, ग्रंथपाल चेहऱ्याने ओळखतात, परीक्षा विभागाची खिडकी वसतिगृहापासून चालत जाण्याइतकी जवळ. जरा गाफील राहिलात तर दोन वर्षांत एखादी सुविधा अंगाला चिकटायचीच. तेव्हा सावध राहा.

सुरुवात शिष्यवृत्तीपासून करू. महाडीबीटी या राज्य सरकारच्या शिष्यवृत्ती-संकेतस्थळावर अर्ज सुरू झाल्याची सूचना वाचायची नाही. मित्र भरेल तेव्हा आपण भरू. उत्पन्नाचा दाखला मुदतीच्या आदल्या दिवशी काढायला घ्यावा, त्या दिवशी सर्व्हर हमखास बसलेला असतो. दाखल्याचा फोटो मोबाइलवर काढा. 256 केबीच्या वरची फाइल संकेतस्थळ घेत नाही, म्हणून ती इतकी दाबा की तहसीलदारांचा शिक्का शाईच्या डागासारखा दिसेल. 'सबमिट' दाबलं की काम झालं, असं समजून गावी जा. अर्ज आधी लिपिकाच्या आणि मग प्राचार्यांच्या लॉगिनला जातो, त्रुटी निघाली की तुमच्याकडे परत येतो आणि तिथेच मुदत संपेपर्यंत पडून राहतो, या गोष्टी जाणून घेण्यासाठी अधूनमधून खातं उघडावं लागतं. पासवर्ड विसरलात की तीही कटकट मिटली.

एवढं करूनही अर्ज मंजूर झालाच तर अजून एक उपाय शिल्लक आहे. थेट लाभाचे पैसे आधारला शेवटी जोडलेल्या बँक खात्यात जातात. पासबुकाची झेरॉक्स तुम्ही कुठली दिली याला फारसा अर्थ नसतो. मधल्या काळात स्टँडबाहेर छत्री लावून बसलेल्या मुलाकडे अंगठा देऊन एखाद्या पेमेंट बँकेचं खातं उघडा. शिष्यवृत्ती तिकडे जाऊन पडेल. तुम्ही वर्षभर जुनं पासबुक छापत राहा आणि लिपिकाला शिव्या घाला. बँकेत जाऊन आधार सीडिंग, म्हणजे आधारची जोडणी, कुठल्या खात्याला आहे हे विचारायला पाच मिनिटं लागतात, पण तेवढा वेळ कोणाला आहे?

ग्रंथालय ही त्याहून अवघड जागा. आत जायचंच झालं तर पंख्याखालची खुर्ची धरा आणि स्पर्धा परीक्षेचं स्वतःचं पुस्तक वाचा. रॅककडे फिरकू नका. तिथे पुस्तकांच्या कण्यावर आकडे चिकटवलेले असतात, 891.46 म्हणजे मराठी साहित्य, हे एकदा कळलं की माणूस कॅटलॉग न बघताही सरळ त्या कपाटापाशी जातो आणि वाया जातो. हातात घेतलेलं पुस्तक मात्र परत ठेवताना शेजारच्या रॅकवर खोचायला विसरू नका. संगणकावर ते 'उपलब्ध' दिसत राहील आणि पुढच्या साठा-पडताळणीपर्यंत कोणाच्या बापाला सापडणार नाही. आपल्याला उपयोग नाही तर दुसऱ्याला तरी का व्हावा!

शोधनियतकालिकांबद्दल तर कोणाशी बोलूच नका. 1 जानेवारी 2025 पासून 'वन नेशन वन सब्स्क्रिप्शन' सुरू झालं. सरकारी विद्यापीठांना तीस प्रकाशकांची तेरा हजारांच्या आसपास नियतकालिकं त्यातून मिळतात, म्हणजे मोठ्या विद्यापीठातला पोरगा जे वाचतो तेच तुमच्या वाचनकक्षातही उघडतं. 'आमच्याकडे काहीच मिळत नाही' या हुकमी वाक्याची यात वाट लागते. वायफायचा पासवर्ड मागू नका. घरून वाचण्याचं लॉगिन मिळतं का, हे ग्रंथपालांना चुकूनही विचारू नका. बिचारे कोणीतरी विचारेल म्हणून वाटच बघत असतात.

राष्ट्रीय सेवा योजना 1969 पासून चालू आहे, अजून तरी बंद पडलेली नाही. दोन वर्षांत 240 तास आणि सात दिवसांचं निवासी शिबिर. तासांचं काही वाटून घेऊ नका, ते वहीत भरता येतात. शिबिर टाळा. तिथे सांडपाणी मुरवायचा शोषखड्डा खणायला लावतात: एक मीटर लांब, तेवढाच रुंद, तेवढाच खोल, तळाला मोठे दगड, वर लहान दगड, त्यावर खडी. खणताना लक्षात येतं की काळ्या मातीत पाणी लवकर मुरत नाही, आणि मोरीच्या पाण्यातला साबणाचा साका व केस अडवायला आधी छोटी कुंडी केली नाही तर काही महिन्यांत खड्डा तुंबून अंगणात डबकं होतं. हे एकदा स्वतःच्या हाताने कळलं की 'ग्रामीण स्वच्छता: समस्या आणि उपाय' हा प्रकल्प इंटरनेटवरून उतरवताना हात अडखळतो.

कमवा व शिका योजनेत तासावर पैसे मिळतात, हजेरीपत्रकावर सही रोजच्या रोज करावी लागते. महिनाअखेरीस एकदम सह्या करा, म्हणजे बिल परत येईल.

'आविष्कार' संशोधन स्पर्धेत सरांनी नाव घातलंच तर पोस्टर स्वतः बिघडवा. अख्खा प्रबंध बारा पॉइंटच्या अक्षरात चिकटवा, आलेख टाळा, निष्कर्ष सर्वांत खाली गुडघ्याच्या उंचीवर ठेवा. परीक्षक पोस्टरपुढे जेमतेम काही मिनिटं थांबतात. ते वाकणार नाहीत.

अन्याय झाला तर? टपरीवर बोला, स्टेटस ठेवा, हॉस्टेलच्या भिंतीवर लिहा. फक्त कागदावर लिहू नका. अर्जाच्या दोन प्रती काढून एक आवक विभागात द्यायची आणि दुसरीवर तारखेसह शिक्का व आवक क्रमांक घ्यायचा, हा प्रकार फार वाईट. यूजीसीच्या, म्हणजे विद्यापीठ अनुदान आयोगाच्या, 2023 च्या नियमांप्रमाणे विद्यार्थी तक्रार निवारण समितीने शक्यतो पंधरा कामकाजी दिवसांत अहवाल द्यायचा असतो, आणि समाधान झालं नाही तर पुढे विद्यापीठाच्या लोकपालाकडे दाद मागता येते. शिक्का असला की हे पंधरा दिवस मोजायला सुरुवात होते. नसला की 'तुमचा अर्ज आमच्याकडे आलेलाच नाही' एवढ्यावर सगळ्यांची सुटका होते, तुमचीही.

परीक्षेच्या अर्जात आडनाव आधी, आधारवर नाव आधी, बारावीच्या गुणपत्रिकेत आईचं नाव शेवटी. ही तिन्ही जशीच्या तशी राहू द्या. शैक्षणिक क्रेडिट बँकेचं (पास झालेल्या विषयांचे श्रेयांक जिथे ऑनलाइन जमा होतात) खातं आधारच्या नावाने उघडतं, विद्यापीठ निकाल स्वतःच्या नोंदीतल्या नावाने पाठवतं, आणि मग तुमची क्रेडिट कुठेच जमा होत नाहीत. पहिल्या सत्रात एका अर्जावर दुरुस्त झालं असतं ते आता राजपत्र, प्रतिज्ञापत्र आणि मुख्य इमारतीच्या चार खेपांवर जातं.

शेवटच्या सत्राचा निकाल लागला की पदवी प्रमाणपत्राचा अर्ज वेगळा भरावा लागतो. तो भरू नका. गुणपत्रिका म्हणजेच पदवी, असं घरी सांगा. तीन वर्षांनी नोकरीच्या कागदपत्र पडताळणीत मूळ प्रमाणपत्र मागतील, तेव्हा सकाळच्या एसटीने या आणि दुपारी दीडच्या सुमारास खिडकीपाशी पोहोचा. जेवणाची सुट्टी नुकतीच लागलेली असेल.