मागून घेतलेला कॅट आणि तळाची सत्ती

तुमची कमेंट वाचली, आधी जरा झोंबली, खोटं कशाला बोलू. माझ्या पोस्टमधली पत्त्यांची ट्रिक अशी: समोरच्याचाच कॅट मागून घ्यायचा, तळाचा पत्ता गुपचूप बघून ठेवायचा, ती आपली खूण. मग त्याने कुठलाही एक पत्ता बघून वर ठेवायचा आणि कॅट काटायचा, म्हणजे वरचा भाग उचलून खाली ठेवायचा, आणि आपण वरून एकेक पत्ता उलटत जायचं, खुणेच्या लगेच पुढचा तो त्याचा. मला समजलं ते असं, की मी लिहिलं तसं तुम्ही मित्राच्या कॅटवर करून बघितलं आणि सगळ्यांसमोर पोपट झाला, शिवाय ही जादू नाहीच, नुसतं चोरून बघणं आहे, आणि यापेक्षा ती 21 पत्त्यांची ट्रिक बरी, ती चुकत नाही.

पोपट झाला त्यात निम्मी चूक माझी. तुम्ही लिहिलंय की त्याने पत्ता बघून वर ठेवला, कॅट काटला, मग "अजून एकदा काटू का" म्हणत परत काटला, आणि तुम्ही एकेक पत्ता उलटत गेलात तर तुमची खुणेची किलवरची सत्ती आली ती थेट शेवटी, पुढे पत्ताच नाही. अहो, त्याचा पत्ता तुम्ही सगळ्यात आधी उलटला होतात! बघा ना, पहिल्यांदा काटलं की तळाची सत्ती त्याच्या पत्त्याच्या बरोबर डोक्यावर येऊन बसते आणि ही जोडी साधारण कॅटच्या मध्यावर येते. आता लोक काटतात कुठे, तर मध्यावरच. म्हणून दुसऱ्यांदा काटताना नेमकी ती जोडीच फुटायची शक्यता वाटते त्यापेक्षा जास्त असते, आणि फुटली की सत्ती परत तळाला आणि त्याचा पत्ता सगळ्यात वर. काटण्याने क्रम मोडत नाही, नुसता गोल फिरतो. तेव्हा पहिला उलटलेला पत्ता लक्षात ठेवायचा, खुणेचा शेवटी आला तर तोच उत्तर. हे पोस्टमध्ये लिहायचं माझ्याकडून राहिलं, आज टाकतो. पिसू मात्र द्यायचं नाही हं, कितीही वेळा काटू दे, पिसलं की संपलं.

चोरून बघणं आहे का? आहे की! पण ते कधी बघायचं यातच सगळी गंमत आहे आणि म्हणून तर मी मागून घेतलेला कॅट म्हणतो. आपला कॅट असेल तर समोरचा पहिल्यापासून तुमच्या बोटांकडे टक लावून बसतो. त्याचा स्वतःचा असला की त्याला वाटतं यात काय करणार हा, आणि "जोकर आहेत का रे यात" असं म्हणत तुम्ही सगळे पत्ते तोंडाकडून बघितले तरी कुणाला काही वाटत नाही. जोकर काढा, कॅट टेबलावर ठोकून सारखा करा, तळाचा पत्ता तेवढ्यात दिसतो. वाकून बघायला गेलात की मेलात.

माझाही झालाय पोपट. एकदा एकाने दिलेल्या कॅटमध्ये दोन कॅट मिसळलेले होते, पाठ सेम, आणि माझी खूण होती बदामची दश्शी. पहिली दश्शी आली, मी पुढचा पत्ता ऐटीत त्याच्या हातात दिला, तो म्हणाला हा नाही. दुसरी दश्शी अजून खाली होती! तेव्हापासून जोकर शोधताना डबल पत्ते पण बघतो. एखाददुसरा पत्ता कमी असला तर मात्र या ट्रिकला काही फरक पडत नाही, 49 असले तरी चालतं.

राहिली 21 वाली. ती चुकत नाही हे खरं, 21 पत्ते तीन ढिगांत वाटायचे, समोरच्याने मनातला पत्ता कुठल्या ढिगात आहे ते सांगायचं, आणि तो ढीग दरवेळी बाकीच्या दोघांच्या मध्ये ठेवला की पहिल्या वाटपानंतर पत्ता 8 ते 14 मध्ये असतो, दुसऱ्यानंतर 10 ते 12 मध्ये, तिसऱ्यानंतर बरोबर 11 वा. पण तीन तीनदा पत्ते मांडत बसलात की समोरच्याला कळतं काहीतरी गणित चाललंय, आणि निम्म्या लोकांना ती लहानपणापासून येत असते, मध्येच कुणीतरी "अकरावा अकरावा" ओरडतं.

तुम्ही त्याच मित्राकडे जा, तोच कॅट मागा, आणि त्याने परत काटू का विचारलं तर आपणहून म्हणा, दोनदा काट.