चवथीआधी लाकडी फ्लोअरिंग कसं करून घ्यावं

सगळ्यात आधी मुहूर्त. मे महिन्याचा शेवटचा आठवडा पकडा. गोव्यात वर्षाला साधारण 3000 मिलिमीटर पाऊस पडतो, त्यातला बहुतेक जून ते सप्टेंबरमध्ये, म्हणजे मेमध्ये कोरडं ठणठणीत असलेलं लाकूड पुढचे चार महिने हवेतलं पाणी पिऊन आडवं फुगणार हे ठरलेलंच आहे. (उभं नाही फुगत फारसं, रेषांच्या दिशेने लाकूड भलतंच इमानदार असतं, आडवं मात्र आपल्यासारखंच सुटतं.) म्हातारा मेस्त, म्हणजे सुतार, म्हणेल, "पावसा उपरांत करूंया". त्याचं ऐकू नका. चवथीला, म्हणजे गणपतीत, पाहुणे येणार, त्यांना काय मोझेकची लादी दाखवणार?

पर्वरीचा फ्लॅट आहे, तिसरा मजला, बाल्कनीतून पाऊस थेट हॉलमध्ये येतो. एकदम योग्य जागा.

आता माल निवडायचा. दुकानात जाऊन फक्त "टीक फिनिश" मागा. सागवान नव्हे हां, फिनिश. म्हणजे भुसा दाबून केलेली पाटी, तिच्यावर सागाचा फोटो आणि फोटोवर पारदर्शक थर. सेल्समन सांगतो वॉटर रेझिस्टंट आहे, आणि खोटं नाही बोलत तो, वरच्या थराला खरंच काही होत नाही, पाणी जातं ते दोन पाट्यांच्या सांध्यातून, पण सांध्याबद्दल तुम्ही विचारलेलंच नसतं. पाट्यांच्या पेट्या आधी 48 तास त्याच खोलीत ठेवायच्या असतात म्हणे, खोलीची हवा अंगवळणी पडायला. कशाला? लग्नाआधी एवढी ओळख आपल्यात तरी कुठे करून देतात. पेटी फोडा, लगेच ठोका. भिंतीच्या कडेने 8-10 मिलिमीटरची फट सोडून वर स्कर्टिंगची पट्टी लावतात, फुगायला जागा म्हणून, तर तीही सोडू देऊ नका, पैसे काय फटीचे दिलेत?

फर्निचरला प्लाय लागेल. त्यावर एमआर लिहिलेलं असतं आणि एमआर म्हणजे मरीन असं कोणी सांगितलं की मान डोलवा. ते मॉइश्चर रेझिस्टंट असतं, म्हणजे दमटपणा थोडाफार सोसेल एवढंच. खरा मरीन म्हणजे आयएस 710 या भारतीय मानकाचा बीडब्ल्यूपी (बॉइलिंग वॉटर प्रूफ) प्लाय, तो वेगळा, त्याचा डिंक 72 तास उकळत्या पाण्यात तपासतात, पण तो महाग आणि तुम्ही काय सिंकखालचं कपाट उकळणार आहात थोडंच.

खरं सागवानच पाहिजे असा हट्ट असेल तर कडेचा पांढुरका भाग असलेल्या फळ्या घ्या, स्वस्तात मिळतात. सागाची सगळी कीर्ती आतल्या गाभ्याची, त्यातल्या तेलामुळे वाळवी लांब राहते. पांढऱ्या भागाला तेवढं नशीब नाही. सहा महिन्यांनी फर्निचरच्या पायाशी रोज सकाळी किड्यांनी पोखरलेलं चिमूटभर पीठ पडलेलं दिसेल, ते झाडून घ्या आणि कोणाला सांगू नका.

फणस मात्र विचारूच नका, गावठी दिसतो. नवा असताना पिवळाधमक, मग वर्षागणिक तांबूस होत जातो, म्हणजे घेतलेला रंग टिकतच नाही की! तेच ऐनाचं, ज्या झाडाला आपल्याकडे मट्टी म्हणतात आणि जे गोव्याचा राज्यवृक्ष म्हणून ओळखलं जातं. राज्यवृक्षाचा आदर करावा, घरात आणू नये. आजोबांच्या काळी फळ्या सावलीत, मध्ये पट्ट्या घालून, वर्षभर नुसत्या रचून ठेवायचे. वर्षभर! आता तेवढ्यात दोनदा इंटिरियर बदलून होतं.

निगा अगदी सोपी. रोज फिनेलच्या पाण्याने चिंब फडका मारा, बाल्कनीकडच्या पाट्यांना जरा जास्त. दिवसा एसी, रात्री खिडक्या उघड्या, लाकूड एकदा सुकतं एकदा ओलावतं, व्यायाम होतो त्याला. कपाटाला पॉलिश करायचं तर दिसतं तेवढ्याच बाजूला करा, मागची बाजू कोरी सोडा, म्हणजे फळी एका अंगाने पाणी पिईल आणि वाकून तुम्हाला नमस्कार करेल. स्पिरिट पॉलिश भर जुलैत करून घ्या, त्यावर पांढुरकी झाक येते ती व्हिंटेज लुक म्हणून खपते. आमच्याकडे जुने लोक तुळयांना काजूच्या टरफलाचं काळं तेल लावायचे, हाताला लागलं तर कातडी सोलते, पण वाळवीही फिरकत नाही. ते लावू नका, वास येतो.

ऑगस्टपर्यंत बाल्कनीच्या दाराशी फ्लोअरिंग फुगलेल्या पुरीसारखं वर येईल. पाय ठेवला की टक्, काढला की टक्. आमच्याकडे आलं. त्यावर काहीतरी जड ठेवावं म्हणून सोफा ओढून आणला तर तोही भुशाचाच, हलका फूल, सोफ्यासकट वर. घरात जड असं काही उरलंच नव्हतं, कारण आजीचं फणसाचं बाकडं मॅच होत नाही म्हणून आम्हीच सत्तरी तालुक्यात आत्याकडे पाठवलं होतं आणि आत्याने ते गोठ्याबाहेर ठेवलेलं, चार पावसाळे झाले. फोन केला. बाकडं धडधाकट आहे म्हणाली, पण आत्ता नाही देत, चवथ झाली की ने, गणपतीवरची फळाफुलांची माटोळी बांधायला चढायला तेच लागतं.