तिला बाहेर का काढलं?

काल रात्रीपासून डोकं तापलंय, म्हणून लिहितेय. इथे ब्रसेल्समध्ये एका मोठ्या सभागृहात ग्नावा, म्हणजे मोरोक्कोचं विधी-संगीत, आणि सहाराच्या ब्लूजची मैफल होती. पूर्वार्ध मोरोक्कोच्या माआलेमांचा, म्हणजे ग्नावाच्या उस्तादांचा, उत्तरार्ध सहारातल्या तुआरेग जमातीच्या गिटारवाल्यांचा. माआलेमांनी गिंब्री हे तीन तातींचं वाद्य छेडलं, मागच्यांनी करकाबांचा, म्हणजे लोखंडी चिपळ्यांचा, ठेका धरला आणि थोड्या वेळात माझ्या पुढच्या रांगेतली एक बाई उठून उभी राहिली. साठीची असेल. डोळे मिटलेले, डोक्यावरचा रुमाल सुटलेला, मान पुढे-मागे घुमतेय. लगेच टॉर्च घेऊन दोन कर्मचारी हजर. मागच्यांना दिसत नाही, बसा. ती बसेना, तसं दंडाला धरून तिला बाहेर नेलं.

अहो, हे संगीत ज्यासाठी आहे तेच तिला होत होतं!

सहारा ओलांडून गुलाम म्हणून मोरोक्कोत आणलेल्या माणसांच्या वंशजांनी हे जपलंय. मैफल हा त्याचा अलीकडचा अवतार. मूळ विधी म्हणजे लीला, अंधार पडल्यावर सुरू होऊन पहाटेपर्यंत चालणारी. सात रंग, प्रत्येक रंगाचे मलूक, म्हणजे अंगात येणारे आत्मे, वेगळे, त्यांची धून वेगळी, धूप वेगळा. आपली धून लागली की माणूस उठतो. विधी सांभाळणारी मुकद्दमा त्याच्या अंगावर त्या रंगाचं वस्त्र टाकते, पडू देत नाही. आणि त्याचं पुरतं होईपर्यंत माआलेम धून तोडत नाहीत. कालही तोडली नाही. तिला दाराबाहेर नेईपर्यंत त्यांची नजर तिच्यावरच होती. तीन तातींवर तेच घुमणं, पुन्हा पुन्हा. त्या सभागृहात तिची काळजी फक्त त्यांना होती.

2019 मध्ये युनेस्कोने ग्नावाला मानवतेचा वारसा म्हटलं. कार्यक्रमाच्या पत्रकावर ते ठळक छापलं होतं. वारसा पत्रकावर हवा, समोर जिवंत उभा राहिला की बाहेर!

आता इथले काही मित्र म्हणतील, तू अंगात येण्याचं समर्थन करतेस? अंगात येण्याच्या नावाखाली बुवाबाजी चालते, मान्य. पण गोंधळात संबळ तापल्यावर एखादी घुमायला लागली की आपल्या बायका काय करतात आठवा. मागून धरतात, पदर सावरतात, पाणी देतात. तिला कुणी हाकलत नाही.

मध्यंतरात ती बाहेर बाकावर दिसली. हात थरथरत होते. लेक तळवे चोळत होती. मला म्हणाली, "मध्येच तोडलं की आई आजारी पडते." बेल्जियम-मोरोक्कोच्या 1964 च्या करारानंतर मोरोक्कोहून कामगार म्हणून आलेल्यांचं हे घर. या शहराचे बोगदे ज्यांनी खणले, त्यांच्या बायकोला, लेकीला इथल्या सभागृहात दोन पावलं जागा नाही.

खरं तर मी घरीच निघाले होते. थांबले ते बरं झालं. तुआरेग गिटार सुरू झाली आणि राग जरा निवला. तिनारीवेन या तुआरेग बँडच्या इब्राहिम अग अलहबीबने लहानपणी पत्र्याचा डबा, काठी आणि सायकलच्या ब्रेकची तार जोडून पहिली गिटार केली. वडील मालीतल्या 1963 च्या तुआरेग बंडात मारले गेलेले, घर सुटलेलं. कालची पोरं त्यांच्याच वाटेवरची. 2012 मध्ये उत्तर मालीत सशस्त्र गटांनी संगीतावर बंदी घातली, तरी हे वाजतंय. गिटार घाई करत नाही, टाळ्यांचा ठेका उंटाच्या चालीने सरकत राहतो. माझ्या शेजारच्या म्हाताऱ्या गृहस्थांचे डोळे भरून आले होते.

आणि मग सगळं सभागृह उठून नाचायला लागलं. बिअरचे ग्लास हातात, फोन वर, मागच्यांना काही दिसत नव्हतं. एकही टॉर्च आली नाही! तेव्हा मला पुन्हा ती बाई आठवली आणि संताप अनावर झाला. मजेसाठी उभं राहिलेलं चालतं तर. ती पडली असती तर, हा त्यांचा मुद्दा असेलही. मग शेजारी उभं राहायचं होतं, धरायचं होतं.

सकाळी सभागृहाला पत्र पाठवलंय. ग्नावाच्या दिवशी पुढच्या रांगांतल्या खुर्च्या काढा, जाणत्या मोरोक्कन बायकांना तिथे उभं करा, आणि त्या बाईंना शोधून माफी मागा. ब्रसेल्समधल्या मित्रांनो, तुम्हीही लिहा. पत्ता हवा असेल तर इनबॉक्समध्ये विचारा.