‘पोर विसरून जातं’ म्हणे!

माझी मावसबहीण अमळनेर तालुक्यात अंगणवाडी सेविका आहे. परवा तिने एक फॉरवर्ड पाठवून विचारलं, "दादा, मातांच्या ग्रुपवर टाकू का?" वर ‘बालमानसतज्ज्ञांचा सल्ला’ असं ठळक अक्षरांत, तज्ज्ञाचं नाव मात्र कुठेच नाही. सांगणं असं: मुलावर लैंगिक अत्याचार झाला तर विषय काढू नका, पोर विसरून जातं, कुलदेवीला नेऊन आणा. समुपदेशक जखम उकरतो. मुलग्यांना काही होत नाही. अनोळखी माणसांपासून जपा. पोलिसांत गेलात तर बदनामी. आणि असं पोर मोठेपणी स्वतःच तसं वागतं. तिला ‘नको’ म्हटलं, पण तोवर तो तिच्या नणंदेकडून भावकीत पोचला होता.

पोर विसरून जातं हे कुणी ठरवलं? सुटलेलं अंथरूण ओलं करणं पुन्हा सुरू होतं. एका ठरावीक घरी जायचं म्हटलं की पोट दुखतं. रात्री दचकून उठणं, अभ्यासातून मन उडणं, विनाकारण चिडणं. घरचे म्हणतात, नजर लागली. वणीच्या सप्तशृंगीला न्यायला माझी हरकत नाही, निम्मा खान्देश चैत्रात तिकडे पायी जातोच. पण घरात सगळ्यांनी तोंड मिटलं की पोराला एवढंच कळतं, की काहीतरी लाजिरवाणं आपल्याच हातून घडलंय. काकाने करायचं आणि लाज पोराने वाहायची! त्यात तोच काका दिवाळीला ओट्यावर बसून फराळ करतो, आणि पोराला त्याच्या पाया पडायला लावतात.

जखम उकरण्याबद्दल अर्धं खरं आहे, नाइलाजाने मान्य करतो. आधी आत्या विचारणार, मग पोलीस पाटील, मग शाळेतल्या बाई, आणि दरवेळी पोराने पहिल्यापासून सांगायचं. याने त्रास होतोच. म्हणून तर मुलांवरच्या लैंगिक अत्याचारांसाठीच्या पॉक्सो कायद्यात (२०१२) जबाब घरी किंवा मुलाला सोयीच्या जागी, तोही पोलिसाने साध्या कपड्यांत घ्यायची तरतूद आहे. चांगला समुपदेशक असली उलटतपासणी करत नाही. आधी झोप, भीती, शाळा यांवर काम होतं, आणि घडलेलं सांगणं मुलाच्या कलाने. आईवडिलांनाही सोबत घेतात. त्यांना घ्यावंच लागतं. "मीच त्याच्या भरवशावर सोडून कापूस वेचायला गेले," असं म्हणत रात्र जागून काढणाऱ्या आईला कोण विचारतं?

‘आंडोरले काय व्हस?’ म्हणजे मुलग्याला काय होतंय, हे तर आपल्याकडे म्हातारेकोतारेही म्हणतात. केंद्राच्या महिला व बालविकास मंत्रालयाने २००७ मध्ये अहवाल काढला. महाराष्ट्रासह १३ राज्यांतल्या १२,४४७ मुलांशी बोलून. ५३ टक्क्यांहून जास्त मुलांनी कोणता ना कोणता लैंगिक अत्याचार सांगितला, आणि त्यांत निम्म्याहून अधिक मुलगे होते. अत्याचार करणारे जवळपास निम्मे ओळखीचे, विश्वासातले. अनोळखी माणसांचा मुद्दाही तिथेच निकालात निघाला.

बदनामी? मुलाची ओळख छापणं हाच गुन्हा आहे. उलट माहीत असून कळवलं नाही तर कायदा तुम्हालाच धरतो. पॉक्सोच्या २०२० च्या नियमांनुसार बाल कल्याण समिती खटल्यापर्यंत सोबतीला सहाय्यक व्यक्ती देऊ शकते, आणि राज्याच्या मनोधैर्य योजनेतून आर्थिक मदत व समुपदेशन मिळू शकतं. त्यासाठी जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात विचारा. चकरा पडतात, ते खोटं नाही.

‘मोठेपणी तसंच वागतं’ लिहिणाऱ्याला तर हात जोडावेत. अत्याचार सोसलेली बहुसंख्य मुलं पुढे कुणाला त्रास देत नाहीत. या एका वाक्यामुळे कितीतरी बाप तोंड उघडणार नाहीत.

नंदुरबारच्या धडगाव-अक्कलकुव्यात बालमानसोपचारतज्ज्ञ दारात बसलेला नाही, हे मलाही दिसतं. तोवर मुलासाठी १०९८ ही बाल हेल्पलाइन लावा. मनाच्या त्रासासाठी टेली-मानस ही सरकारी हेल्पलाइन, १४४१६, मोफत, मराठीतही बोलतात. हा दुसरा नंबर आईनेही स्वतःसाठी लावायला हरकत नाही.